नेरळला दोन गेजांचा सांधा कसा बघायचा

कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा आणि नेरळला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. आधी पादचारी पुलावर जा. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एकीकडे आपल्या लोकलचे रूळ, १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच फूट, हा ब्रॉडगेज. दुसरीकडे माथेरानच्या गाडीचे, ६१० मिलिमीटर, जेमतेम दोन फूट. पावणेतीन पट फरक, आणि तो वरूनच नीट डोळ्यांत भरतो.

मग खाली या. छोट्या गाडीचा डबा रुळांच्या दोन्ही बाजूंना किती बाहेर आलाय ते बघा. १९०७ साली ही लाईन सुरू झाली. घाटात वीस फुटांना एक फूट असा चढ आहे, वळणं तर विचारू नका. अरुंद रूळ असं वळण घेऊ शकतात, डोंगर कमी फोडावा लागतो.

टेप बरोबर ठेवा, पण नेरळला रुळांत मुळीच उतरू नका. दस्तुरीहून, म्हणजे माथेरानला मोटारी थांबतात तिथून, बाजाराकडे चालताना वाट रुळांच्या कडेने जाते. लोक रूळ ओलांडतात तिथे, गाडी येत नाही याची खात्री करून, मोजा. रुळाच्या आतल्या कडेपासून समोरच्या रुळाच्या आतल्या कडेपर्यंत. रुळाच्या मधोमध टेप धरली की आकडा चुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोकलच्या दारापासून छोट्या गाडीच्या दारापर्यंतचं अंतर सामानासकट चाला. लहानपणी आजीबरोबर दादरहून पंढरपूरला जाताना आम्ही कुर्डुवाडीला उतरायचो. तिथून पुढे बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. आजीच्या एका हातात वळकटी, दुसऱ्यात माझं मनगट. आणि शेजारी हमालांच्या पाठीवर पोती. मोठ्या गाडीचा वॅगन छोट्या रुळांवर जाऊच शकत नाही, म्हणून एकूण एक पोतं उतरवून पुन्हा चढवावं लागायचं. १८९७ पासून तिथे हेच चाललं होतं. मिरजेला तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते. कुर्डुवाडी, मिरज, दोन्हीकडे आता फक्त ब्रॉडगेज. ती धावपळ अंगावर घ्यायला मुंबईकराला जवळ उरलंय ते नेरळच.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) गाडी बंद असते, तेव्हा दिवाळीनंतर जा. आणि सकाळची लवकरची लोकल धरा.