फरिनेल्ली ऐकायला सुरुवात कशी करायची (सवाईवाल्या पुणेकरांसाठी)

सवाईला रात्र-रात्र बसलेली आपली मंडळी ऑपेरा म्हटलं की "किंचाळतात कशाला एवढं" म्हणून मोकळी होतात. त्यांनी फरिनेल्लीपासून, म्हणजे अठराव्या शतकातल्या इटालियन ऑपेरा गायकापासून, सुरू करावं.

आधी सनावळी बसवून घ्या, पेशवाई पाठ असेल तर सोप्पंय. १७२० ला थोरले बाजीराव पेशवे झाले, त्याच वर्षी नेपल्समध्ये हा पंधरा वर्षांचा पोरगा, खरं नाव कार्लो ब्रोस्की, गुरू पोर्पोरा, पहिल्यांदा लोकांसमोर गायला. १७३२ ला शनिवारवाड्याची वास्तुशांत, पुढच्या दोन वर्षांत हा लंडनला, तेही तिथला बडा संगीतकार हँडल ह्याच्या विरोधातल्या ऑपेरा कंपनीत. बाजीराव गेले तेव्हा हा माद्रिदच्या दरबारात. वारला १७८२ ला, बोलोन्यात.

आता हेडफोन लावा आणि यूट्यूबवर 'आल्तो जोवे' (Alto Giove) हे ऑपेरातलं गाणं शोधा, पोर्पोरानं १७३५ ला ह्याच्यासाठीच केलेलं, फिलिप जारूस्कीनं गायलेलं घ्या. शब्द कळले नाहीत तरी चालेल, पहिला स्वर नीट ऐका. अगदी बारीक लावायचा, हळूहळू भरत न्यायचा आणि त्याच श्वासात परत बारीक करत आणायचा. लंडनच्या पहिल्या प्रयोगात फरिनेल्लीनं असा एकच स्वर लावला आणि पाच मिनिटं टाळ्या थांबेनात असं बर्नी नावाच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आपण 'क्या बात है' म्हणून पुढे सरकलो असतो! आणि पहिला भाग परत सुरू झाला की "झालं, तेच परत" म्हणून बंद करू नका, गायक स्वतःच्या हरकती घालतो त्या तिथेच.

कास्त्रातो वगैरे वाचाल, म्हणजे लहानपणी ऑपरेशन करून आवाज फुटू न दिलेला गायक, हा त्यातलाच, प्रकार क्रूरच होता पण तेवढ्यावरच अडकू नका. जारूस्की तसा नाही, तो साधा पुरुष, खोट्या आवाजात गातो. फरिनेल्लीवरच्या १९९४ च्या सिनेमातला आवाज तर एक पुरुष नि एक बाई कॉम्प्युटरवर मिसळून केलाय, तो खरा धरू नका.

ह्यापेक्षा भारी भाग १७३७ चा. बत्तिसाव्या वर्षी, ऐन भरात, ह्यानं पब्लिक स्टेज सोडलं ते कायमचं, आणि डिप्रेशनमध्ये गेलेल्या स्पेनच्या राजासाठी रोज रात्री गाऊ लागला, राणीनंच बोलावून घेतलेलं.

भावानं, रिकार्दोनं, केलेलं 'सोन क्वाल नावे' मात्र शेवटी ठेवा. सगळा तानांचा पाऊस आहे, आधीच ऐकलंत तर नुसती जिम्नॅस्टिक वाटेल.