फ्रीजियाचे कंद दिवाळीनंतरच लावा

फ्रीजिया म्हणजे कंदापासून येणारं सुवासिक फुलझाड. त्याचे कंद हातात आले की लगेच लावायची घाई होते, पण आपल्या कोल्हापुरात पाऊस पूर्ण उघडून रात्री गार पडायला लागल्याशिवाय लावू नका, म्हणजे दिवाळी झाली की मग. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडचं झाड, तिकडं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, त्यामुळं आपल्या पावसाळ्यात ते जमिनीत ठेवलं की कुजलंच समजा.

आपली काळी माती ऊसाला झकास, पण ह्याला नको, पाणी धरून ठेवते. मी कुंडीतच लावते, निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत. टोक वर करून साधारण ५ सेंमी खोल, दोन कंदांत तेवढंच अंतर. आणि कोवळं ऊन हवं, दुपारचं कडक नको. दांडा नाजूक असतो, फुलं आली की टोकाकडं आडवा वळतो आणि सगळी फुलं एकाच बाजूला वर तोंड करून बसतात, म्हणून आधीच चार काड्या रोवून सुतळी फिरवा, नंतर बांधायला गेलं की मोडतो (माझे दोन मोडलेत).

फुलं संपली तरी पानं कापू नका, पुढच्या वर्षीचा कंद त्यावरच पोसतो. पानं वाळली की वळवाच्या आधी कंद काढा, जाळीच्या पिशवीत कोरड्या जागी टांगा. ट्यूलिपसारखं फ्रीजमध्ये अजिबात नको, ह्याला उलट उबेतच झोप लागते.