लाइटसेबरच्या मुठीवर सागवानी पकड कशी बसवावी

लाइटसेबर म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतली प्रकाशाची तलवार. तिच्या खेळण्यातल्या प्रतिकृतीची मूठ म्हणजे मुळात आट्यांवर उघडणारी ॲल्युमिनियमची नळी. 1977 च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’साठी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा फ्लॅशचा दांडा घेतला आणि त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या. चित्रीकरणापुरतं चिकटवणं चालून गेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त, आणि त्या उन्हाळ्यात दुहेरी चिकटपट्टी लोण्यासारखी सरकते. म्हणून पकड बसवायची ती स्क्रूवर. सुताराकडे पडलेल्या सागवानाच्या तुकड्यातून ती दोन सुट्टीच्या दिवसांत होते, आणि नको झाली तर काढताही येते.

आधी मोकळी करा

बूड उलटं फिरवा आणि सर्वात आधी बॅटरी बाहेर काढा. बूड अडकलं असेल तर पाना लावू नका, ॲल्युमिनियमवर त्याचे दात उमटतात ते कायमचे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा गुंडाळून पिळा. तरी हललं नाही तर आट्यांवर रॉकेल किंवा डिझेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा.

आतला सांगाडा, म्हणजे स्पीकर, साउंड बोर्ड आणि बॅटरीची जागा, बहुतेक मुठींत एका ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूने, धरलेला असतो. M3 च्या (म्हणजे 3 मि.मी. जाडीच्या) ग्रब स्क्रूला 1.5 मि.मी.ची ॲलन की लागते, M4 ला 2 मि.मी.ची. हा स्क्रू न शोधता सांगाडा ओढला की बटणाच्या तारा तुटतात. घरी उघडलेल्या मुठी बहुतेक इथेच बिघडतात. बटणाची तार प्लगने जोडलेली असेल तर प्लग सोडवा. थेट सोल्डर केलेली असेल तर तार कुठली कुठे जाते याचा फोटो काढून मगच ती सोडवा.

माप आणि पट्ट्या

वर्निअरने दोन मापं घ्या: नळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी. इथला हिशेब 38 मि.मी. व्यास आणि 3 मि.मी. भिंत धरून केला आहे. भिंत 2 मि.मी.पेक्षा पातळ निघाली तर हे काम करूच नका, स्क्रूला धरायला आटेच उरणार नाहीत.

38 मि.मी.च्या नळीचा घेर साधारण 119.4 मि.मी. येतो. सहा पट्ट्या बसवायच्या तर एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 19.9 मि.मी. हे मोजपट्टीने गोल नळीवर आखता येत नाही. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून जिथे टोक भेटतं तिथे कापा, तिच्या सहा सारख्या घड्या घाला, उलगडून पुन्हा नळीला चिकटवा. घड्यांच्या रेषा हीच तुमची आखणी.

सागवान वाळलेलंच हवं. 75 मि.मी. लांब, 10 रुंद आणि 6 जाड अशा सहा पट्ट्या आणि एक जास्तीची कापून घ्या. रुंदी 10 पेक्षा कमी करू नका, स्क्रूच्या डोक्याचा खड्डा पाडताना कड फुटते.

पट्टीची खालची बाजू सपाट आणि नळी गोल, त्यामुळे पट्टी डुलते. 80 नंबरचा पॉलिश पेपर नळीवर ताणून बांधा, रेताड बाजू वर, आणि पट्टी लांबीच्या दिशेने त्यावर घासा. लाकडाला नळीची गोलाई आपोआप येते. पेपरची खूण पट्टीच्या दोन्ही कडांपर्यंत पोचली की थांबा. मध्यावर जाडी साधारण 5.3 मि.मी. उरते.

भोकं आणि आटे

प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू, दोन्ही टोकांपासून 12 मि.मी. आत. लाकडात आधी 6 मि.मी.च्या ड्रिलने 2.3 मि.मी. खोल खड्डा पाडा, मग त्याच्या मध्यातून 3.2 मि.मी.चं आरपार भोक. उलट क्रमाने केलं तर मोठ्या ड्रिलला टेकायला मध्य राहत नाही आणि तो भरकटतो.

नळीवर पट्टी धरून तिच्या भोकांतून खूण करा, पंच मारा, 2.5 मि.मी.चं ड्रिल चालवा आणि M3 चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं अवजार, फिरवा. रॉकेल लावत राहा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून कीस झटका. ॲल्युमिनियमचा कीस चिकट असतो. तो साचला की टॅप मोडतो, आणि मोडलेला टॅप भोकातून काढणं घरच्या अवजारांच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. हात बसलेला नसेल तर ही बारा भोकं तालुक्याच्या लेथवाल्याकडून मारून घ्या. त्याच्याकडे नुसतं माप नाही, मूठ आणि पट्ट्या दोन्ही न्या.

आता आतली बाजू. पऱ्हाटीच्या काडीला कापूस गुंडाळा आणि नळीतून सावकाश फिरवत न्या. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील तिथे धारदार कड उरली आहे. ती गोल कानशीने घासा आणि कापूस मोकळा फिरेपर्यंत पुन्हा तपासा. हीच कड पुढे तारेवरचं प्लॅस्टिक सोलते.

स्क्रू M3, गोल डोक्याचे, 5 मि.मी. लांबीचे. डोक्याखाली 3 मि.मी. लाकूड आणि भिंतीत 2 मि.मी., म्हणजे चार आटे. 6 मि.मी.चा स्क्रू बरोबर आतल्या भिंतीला येऊन थांबतो, आणि लाकूड जरा जास्त घासलं गेलं असेल तर आत डोकावतो. ती जोखीम घेऊ नका.

तेल

220 आणि 400 चा पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल लावा. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडाभर घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड एक-दोन दिवसांत वाळतं. पातळ हात, दहा मिनिटांनी उरलेलं पुसून टाका, तीन हात पुरेत. तेलाचा बोळा कोपऱ्यात फेकू नका: जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. कपडा पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेरी पसरून वाळवा.

बॅटरी आणि पातं

मुठीत साधारणपणे 18650 ची लिथियम बॅटरी असते: 18 मि.मी. व्यास, 65 मि.मी. लांबी, पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट. तिचा सगळा स्टीलचा डबा ऋण असतो, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. तिथलं प्लॅस्टिक फाटलं की धन पट्टी डब्याला टेकून शॉर्ट होतं. फाटलेलं आवरण बदलल्याशिवाय बॅटरी आत घालू नका.

उन्हाळ्यात मूठ बंद ठेवायची असेल तर बॅटरी काढून 3.7 ते 3.8 व्होल्टवर ठेवा. भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. ती मातीच्या भिंतीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या डबीत राहू द्या. मूठ मात्र कूलरच्या झोतापासून लांब, ओलाव्याने स्टीलचे स्क्रू गंजतात.

सांगाडा परत घातला की बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या धन टोकाच्या जागेवर, दुसरी मुठीच्या उघड्या धातूवर. काळ्या किंवा रंगीत थरावर टेकवू नका, तो वीज अडवतो. पकडीच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. बीप वाजला तर कुठलीतरी तार चिरडली आहे, पुन्हा उघडा.

पातं पॉलिकार्बोनेटचं असतं, बहुतेक वेळा 25.4 मि.मी. व्यासाचं. सैल बसत असेल तर बुडाशी टेपचा एक वेढा द्या. धरणारा स्क्रू टेकल्यावर फक्त पाव फेरा. पकडीच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) चालतो, पात्याच्या स्क्रूला अजिबात नाही: त्याने पॉलिकार्बोनेटला केसासारखे तडे जातात. थिनर आणि पेट्रोलही पात्यापासून दूरच. पातं पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं घ्या.