पत्र्याच्या डब्याचा कंदील: आधी बर्फ, मग खिळा

रसगुल्ल्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडायला गेलं की पहिल्याच घावात पत्रा आत चेपतो. म्हणून डब्यात पाणी भरा, वर दोन बोटं जागा ठेवा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून द्या. बर्फाचा आधार मिळाला की पत्रा चेपत नाही. बूड जरा फुगेल. डबा उपडा करून बर्फ असतानाच हळूच ठोकून सपाट करा.

नक्षी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी काढा, अगदी रांगोळीसारखी, आणि कागद सेलोटेपने डब्याला गुंडाळा. जुन्या टॉवेलची घडी खाली घ्या, नाहीतर डबा घरंगळतो. दोन ठिपक्यांत निदान अर्धा सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर मधला पत्रा फाटतो. जाड-बारीक असे दोन खिळे वापरले तर उजेडाला मजा येते. कडीसाठी काठाजवळ समोरासमोर दोन भोकं आत्ताच पाडा. हे मी हमखास विसरते.

बर्फ वितळला की डबा लगेच पुसा, भोकांच्या कडा गंजतात. आत हात घालताना जपून, सगळी धार तिकडेच असते. तळाशी मूठभर वाळू, वर मेणाची पणती. पेटता कंदील कडीला धरून उचलू नका, तार चांगलीच तापते.