हँडहेल्ड विमान-रेडिओची पोहोच कशी वाढवावी

खोक्यावर मोठ्या अक्षरात '6 वॅट' छापलेलं असतं, पण आधी बारीक अक्षरातली 'कॅरिअर पॉवर', म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची ताकद, वाचा. विमानांचा आवाजाचा पट्टा, म्हणजे 118 ते 137 मेगाहर्ट्झ, एएमवर, म्हणजे आवाजानुसार लहरीची ताकद कमी-जास्त करण्याच्या पद्धतीवर, चालतो. आवाज पूर्ण भरला की क्षणिक शिखर कॅरिअरच्या चौपट जातं. छापलेला आकडा त्या शिखराचा. कॅरिअर असते दीड-पावणेदोन वॅट.

आता क्षितिजाचा हिशेब करा. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून 4.12ने गुणा, क्षितिजापर्यंतचे किलोमीटर मिळतात. दोन्ही टोकांचं उत्तर वेगवेगळं काढून बेरीज करायची. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातल्या सेटचे जेमतेम 5 किलोमीटर, 900 मीटरवरच्या विमानाचे सुमारे 124. म्हणजे जमिनीवरून जमिनीवर बोलायचं तर सपाट माळावरही 10 किलोमीटरपुढे आशा नको. क्षितिजाआड वॅटचा फारसा उपयोग नाही. समोर मोकळं असलं तरी दुप्पट अंतराला चौपट वॅट लागतात.

खरी गळती अँटेनात होते. 125 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी 60 सेंटिमीटर भरते आणि सेटवरची रबरी अँटेना असते वीतभर. तिच्यातून बरीचशी ताकद वाया जाते, धातूच्या केबिनमध्ये तर आणखीच. सेट उभा धरा, खिडकीजवळ न्या. त्याहून उत्तम म्हणजे विमानाच्या बाहेरच्या अँटेनाची केबल आधीच हाताशी आणून ठेवणं. पॅनेलवरचा रेडिओ बंद पडल्यावर ती शोधत बसायला सवड नसते. केबलच्या टोकाचा बीएनसी जोड सेटवर दाबून पाव वळसा दिला की खट्कन बसतो. तो बसल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. साध्या सेलच्या डबीवर काही सेट कमी ताकद देतात. इंजिनाच्या घरघरीत हेडसेटचा अडॅप्टर घ्याच. क्षीण आवाज ऐकायचा तर स्क्वेल्च, म्हणजे क्षीण संकेत आणि खरखर दाबून ठेवणारी चाळणी, उघडा, खरखर सोसा.

शेवटी चाचणी. 121.5 आणीबाणीसाठी राखीव आहे, तिथे 'ऐकू येतंय का' विचारू नका. दुसऱ्या योग्य वारंवारितेवर, परवान्याच्या नियमांत राहून विचारा. टॉवरचा आवाज स्वच्छ येतो म्हणून तुमचाही तिकडे पोहोचतो असं धरून चालू नका. त्यांचा ट्रान्समीटर तुमच्यापेक्षा कितीतरी दणकट असतो.