डोकं दुखतंय म्हणून दाढ काढू नका: जबड्याच्या सांध्याबाबत या चुका टाळा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडमीट करा. बोटाखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. दातांच्या दवाखान्यात २२ वर्षं झाली, पण दर आठवड्याला तीच कहाणी. कानशिलं ठणकतात, सकाळी उठल्या उठल्या डोकं जड. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा फोटो झाला, बामच्या डझनभर बाटल्या झाल्या. जबड्याला मात्र कुणी हात लावलेला नसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जी दाढ दुखते तीच दोषी धरणं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एक शिक्षिका, चाळिशीच्या. डावीकडची वरची दाढ आणि डावं कानशील, दोन्ही दुखायचं. दाढेत जुनं सिमेंट, एक्स-रेत किंचित सावली. मी रूट कॅनल करून मोकळा झालो. आठ दिवस बरं वाटलं, मग ठणका शेजारच्या दाढेत. दुसरीकडे जाऊन त्यांनी ती काढूनच टाकली. दीड वर्षाने परत आल्या त्या हेच म्हणत, "डॉक्टर, आता तिसरीपण काढा, एकदाचं सुटू दे."

पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. दाढ बधिर करून पाच-सात मिनिटं थांबलो. हिरडी पार बधिर, ठणका जसाच्या तसा. म्हणजे दाढ निर्दोष. मग त्यांना दात आवळायला सांगून कानशिलावर, केसांच्या कडेला, दोन बोटांनी दाबलं. बाई खुर्चीतून उठल्याच. "हेच! हेच ते दुखणं!" दाबलं कानशील आणि कळ गेली वरच्या दाढेत.

कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू जबडा मिटायचं काम करतो. तो दमला की कळ डोक्यात जाते, कधी वरच्या दातांत उतरते. गालातला जाडजूड स्नायू हाच खेळ खालच्या दाढांशी करतो. जबडा, दात, कानशील, मेंदूच्या आवरणाचा बराचसा भाग, या सगळ्यांची खबर ट्रायजेमिनल या एकाच नसेतून वर जाते. मग बेल कुणाच्या दारची वाजली, याचा मेंदूला पत्ता लागत नाही. बाई पेपर तपासताना तासन् तास दात आवळून बसायच्या, परीक्षेच्या दिवसांत दुखणं वाढायचं. हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या रूट कॅनलचे पैसे मी परत केले. काढलेली दाढ कोण परत देणार?

दुसरी चूक, ऑनलाइन मागवलेलं नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर. गरम पाण्यात बुडवा, चावा, झालं तयार! मऊ रबरी गार्ड काही जण रात्रभर च्युइंगमसारखं चघळत बसतात आणि सकाळी जबडा आणखी दमलेला असतो. पुढच्या चार दातांपुरतं बसणारं तर त्याहून वाईट. महिनोन्महिने घातलं की दात सरकतात, पुढचे दात एकमेकांना मिळेनासे होतात. मी माप घेऊन सगळ्या दातांवर बसणारं कडक अॅक्रिलिकचं देतो आणि दर थोड्या दिवसांनी घासून नीट करतो. तेही दात वाचवतं, झोपेत दात खायची सवय मोडत नाही. आणि ‘चावा जुळवतो’ म्हणून कुणी तुमचे चांगले दात घासायला निघालं, तर खुर्चीतून उठा.

नुसता कट-कट आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं? सोडून द्या. व्हिडिओ बघून जबड्याला झटके देऊ नका.

ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, काही दिसलं नाही म्हणून सांधा ठीक, असंही नाही. त्यात हाड दिसतं. सांध्यातली चकती नाही, स्नायू तर नाहीच.

साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस, दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते.

मळमळ, उजेड नको वाटणं, ही अर्धशिशीची खूण. तीही आणि जबडाही, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. एकाचा इलाज केला म्हणून दुसरं जात नाही.

तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नाहीत, तिखट झोंबतं आणि सुपारी-गुटख्याची सवय आहे? मग सांध्याला दोष देऊ नका. गालाची आतली कातडी आवळत चाललेली असू शकते, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र पेशंटच्या खिशातून रोज डोकावतात.

आता घरच्या उपायाबद्दल, उतावळ्या मंडळींसाठी. "चार दिवस केलं डॉक्टर, काही फरक नाही." अहो, दहा वर्षं दात आवळलेत! माझा उपाय पाच रुपयांचा आहे, लाल टिकल्यांचं पाकीट. एक मोबाइलच्या पाठीवर, एक कॉम्प्युटरवर, एक ओट्यावरच्या टाइल्सवर. टिकली दिसली की ‘म’ म्हणा आणि तिथेच थांबा. ओठ मिटलेले, दात सुटे. जबड्याने एरवी असंच राहायचं असतं. ओल्या गरम टॉवेलने १५ मिनिटं शेक, दिवसातून दोनदा. काही आठवडे ऊस, चिक्की, कणीस बंद, भाकरी दुधात कुस्करून. जांभई आली की हनुवटीला मूठ लावा. सहा आठवडे करा, मग बोलू. त्या शिक्षिका अजून टिकल्या लावतात, वर्गातल्या कपाटालासुद्धा.

आणि एक उलटी चूक, जी आमच्यातलेही करतात. वय पन्नाशीपुढे, डोकेदुखी नव्यानेच सुरू झालेली, कंगवा लावला तरी कानशील दुखतं, चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो. हे सांध्यासारखं दिसतं, पण कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, आणि त्यात दृष्टी जाऊ शकते, कायमची. अशा माणसाला मी गार्डच्या मापासाठी बसवत नाही. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या लिहून देतो, आणि चिठ्ठीवर ‘आजच’ असं लिहून त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवतो.