चिवट व्हायरस काढून विंडोज नव्याने कशी टाकावी

संगणकाला व्हायरस लागला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’ हा. सल्ला चुकीचा नाही, पण प्रत्यक्षात फॉरमॅट होतो तो फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवर साठलेले फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि ‘सॉफ्टवेअर’ नावाचा फोल्डर तसाच राहतो, ज्यात प्रिंटरपासून मराठी टायपिंगपर्यंतचे सगळे सेटअप असतात. मी मामेभावाच्या दुकानातल्या संगणकावर अशीच विंडोज टाकून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने डी ड्राइव्हवरून प्रिंटरचा सेटअप चालवला आणि संध्याकाळपर्यंत टास्क मॅनेजर उघडेनासा झाला. २००३ पासून ज्ञात असलेला ‘सॅलिटी’ हा व्हायरस नेमका असाच पसरतो. तो सगळ्या ड्राइव्हवरच्या ईएक्सई आणि एससीआर, म्हणजे प्रोग्रॅमच्या, फाइल्समध्ये स्वतःला चिकटवून घेतो, सुरक्षा प्रोग्रॅम बंद पाडतो आणि सेफ मोडही (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करण्याची सोय) सुरू होऊ देत नाही. डी ड्राइव्हचा विचार न करता टाकलेली विंडोज त्यामुळे टिकत नाही.

फॉरमॅटपूर्वी एक प्रयत्न मात्र जरूर करावा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून व्हायरसची व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखण्याची यादी, अद्ययावत करावी, मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधील ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन निवडावे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटे तपासणी चालते. या वेळी नेहमीची विंडोज चालू नसल्याने, एरवी तिच्या आडोशाला लपणारा व्हायरस उघडा पडतो. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही बॉट (संगणक दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढण्याची साधने मोफत मिळतात. मात्र स्कॅननंतरही तेच नाव पुन्हा पुन्हा सापडत असेल, किंवा विंडोज सिक्युरिटीच उघडत नसेल, तर आणखी वेळ घालवू नये. इंटरनेट तोडावे आणि पुढच्या तयारीला लागावे.

फाइल्सची नावे बदलून पैसे मागणारी सूचना पडद्यावर आली असेल, तर तो रॅन्समवेअर आहे आणि तिथे फॉरमॅटची घाई अजिबात करू नये. कुलूपबंद झालेल्या फाइल्स आणि ती सूचना दोन्ही वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. २०१६ साली युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या फाइल्स उघडणाऱ्या किल्ल्या मोफत मिळतात. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती बॅकअपची. बाधित विंडोज चालू ठेवून बाहेरची डिस्क जोडली, तर व्हायरस त्या डिस्कवरही जाऊन बसतो. म्हणून स्वच्छ संगणकावर उबंटू या मोफत कार्यप्रणालीचा बूटेबल (ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा) पेन ड्राइव्ह तयार करावा, बाधित संगणक त्यावरून सुरू करावा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडून फाइल्स कॉपी कराव्यात. विंडोजचे व्हायरस तिथे आपोआप चालू होत नाहीत. आणखी एक मोठी सोय अशी, की शॉर्टकट व्हायरसने (जो खरे फोल्डर दडवून जागी शॉर्टकट ठेवतो) लपवलेले आणि विंडोजमध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिचकी मारूनही न दिसणारे फोल्डर उबंटूत सरळ समोर दिसतात. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवावी. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

काय घ्यावे? फोटो, व्हिडिओ, वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ घ्यावेत. हिशेबासाठी टॅली वापरत असल्यास तिचा डेटा फोल्डर आणि ईमेल साठवणारी आउटलुकची पीएसटी फाइल लक्षात ठेवून घ्यावी, कारण या दोन्ही बऱ्याचदा सी ड्राइव्हवर असतात आणि नेमक्या राहून जातात. युनिकोडपूर्व (ठरावीक फॉन्ट असेल तरच वाचता येणाऱ्या जुन्या) फॉन्टमधला मराठी मजकूर असेल तर ते फॉन्टही घ्यावेत, नाहीतर वीस वर्षांपूर्वीची पत्रे उघडतील पण वाचता येणार नाहीत. ईएक्सई, एमएसआय, एससीआर, बॅट, व्हीबीएस आणि शॉर्टकट फाइल्स मात्र एकही घेऊ नये, मग त्या कितीही जपून ठेवलेल्या असोत. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा मिळतो. कॉपी झाल्यावर दहा-वीस फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि डिस्क काढून बाजूला ठेवावी.

विंडोजचा पेन ड्राइव्हही स्वच्छ संगणकावरच करायचा. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल लागते. पेन ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे शक्य तिथे विंडोज ११ टाकावी. तिला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते.

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची) कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडावे आणि होम किंवा प्रो, जी आधी होती तीच आवृत्ती टाकावी. मूळ परवाना मशीनशी जोडलेला असेल, तर इंटरनेट लागताच ती सक्रिय होते. पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी आली की थांबून आकार वाचावेत, कारण या यादीत आपला पेन ड्राइव्हही दिसू शकतो. ज्या डिस्कचा बॅकअप झाला आहे तिच्यावरची सगळी पार्टिशन, डी ड्राइव्हसह, एकेक करून डिलीट करावीत. ‘अनअलोकेटेड स्पेस’ (मोकळी जागा) एवढेच उरले की ते निवडून पुढे जावे. संगणकात दुसरी डिस्क असेल तर तीही अशीच मोकळी करावी. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर यादीत डिस्कच दिसत नाही. तिथे डिस्क बिघडलेली नसते, इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. तो आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. वायफाय दिसले नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे) चालू करावे.

डेस्कटॉप आल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण करावे, नंतरच बॅकअपची डिस्क जोडून तिचे पूर्ण स्कॅन करावे आणि मग फाइल्स परत घ्याव्यात. मराठीसाठी निर्मला फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतात, वेगळे काही उतरवावे लागत नाही. बँक, ईमेल आणि जीएसटीचे पासवर्ड बाधित संगणकावर टाइप झालेले असल्याने ते सगळे बदलावेत. विंडोज किंवा ऑफिस फुकट ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारे प्रोग्रॅम पुन्हा टाकू नयेत, कारण ते चालवण्यासाठी आपणच अँटीव्हायरस बंद करतो आणि अनेकदा व्हायरस याच वाटेने आलेला असतो. घरातले इतर पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डे स्कॅन होईपर्यंत नव्या विंडोजमध्ये उघडू नयेत. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी नेलेला पेन ड्राइव्ह त्यात सर्वांत आधी तपासावा.